घोडेस्वारी शिकायची आहे (अलिबाग-रेवदंडा पट्टा), वय ४१, बजेट महिन्याला ४ हजार. सुचवा

मृण्मयी_नागाव
नमस्कार मंडळी. मी नागावला राहते, अलिबागच्या एका पतसंस्थेत काउंटरवर असते. स्वभाव पहिल्यापासून दबून राहण्याचा. मीटिंगमध्ये मुद्दा माहीत असतो पण तोंड उघडत नाही. कर्जदाराने आवाज चढवला की मी साहेबांच्या केबिनकडे बघते.
दिवाळीच्या गर्दीत किनाऱ्यावर एक घोडा बिथरला होता, मागच्या पायांवर उभा राहत होता. त्याच्या मालकाची पोरगी, जेमतेम पंधरा-सोळाची, पुढे गेली, दोरी धरली, ओरडली नाही, ओढलं नाही. तो उतरला आणि तिच्या मागोमाग चालू लागला. मला ते शिकायचं आहे. नुसतं बसून फोटो काढायचा नाही, घोडा हाताळायला आणि वळण लावायलाही शिकायचं आहे.
फक्त रविवार मोकळा. बजेट ४ हजारांच्या वर जमणार नाही. वजन ६८ किलो, ते चालेल का हेही सांगा.

घाटावरचा
पुण्याला या, विषय संपला. माझी मुलगी निवृत्त लष्करी माणसाकडे शिकली, आज अडथळ्यांवरून उड्या मारते. महिन्याला १२ हजार जातात, पण शिस्त म्हणजे काय ते कळतं. कोकणात घोडेस्वारीची परंपराच नाही.

सागर_किहीम
परंपरा नाही? कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पाण्यातून घोडागाडी कोण नेतं मग, पुणेकर?
ताई, इथेच शिका. मी किनाऱ्यावरच्याच माणसाकडे शिकलो. वाळूत पडलं तरी लागत नाही, भीती लवकर जाते.

अनुजा_डोंबिवली
वाळूत पडलं तर लागत नाही हे ज्याने पसरवलंय त्याला मला एकदा भेटायचंय. ओहोटीची ओली वाळू सिमेंटसारखी असते. माझं गळ्याजवळचं हाड मोडलं ते अशाच वाळूवर, रायगड जिल्ह्यातल्याच एका किनाऱ्यावर. घोड्याची चूक काहीच नव्हती. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, सैल होता, वळताना खोगीर फिरलं आणि मी खाली. घोडेवाल्याने आधी पैसे मागितले, मग मला उठवलं.
मृण्मयी, चढायच्या आधी तंगाखाली बोटं घालून बघ. दोन बोटं जेमतेम जावीत. पुष्कळ घोडे तंग आवळताना पोट फुगवतात, म्हणून थोडं चालवून पुन्हा आवळायचा असतो. तो पुन्हा आवळत नसेल तर उतर. आणि हेल्मेट.

सागर_किहीम
हेल्मेट घालून समुद्रावर? उन्हात डोकं उकडून निघेल.

अनुजा_डोंबिवली
उकडू दे.

बापू_रेवदंडा
मुली, भाड्याच्या घोड्यावर कुणी शिकत नाही. स्वतःचा घे. मी सारंगखेड्याच्या यात्रेतून मारवाडी आणला. दत्तजयंतीला तापीकाठी भरते, नंदुरबार जिल्ह्यात. कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात, बघत राहशील. गावातून निघालो की लोक ओट्यावर येतात. आत्मविश्वास म्हणतेस ना, तो त्यातच आहे.

मालवणी_माणूस
बाय माझे, घोडो घेव नको. माझ्या मेव्हण्यान घेतल्यान. पावसात चार म्हयने त्याका कोरडा ठेवूक जीव गेलो. चिखलात उभो रवलो की खूर कुजतत, वास मारता. नालबंद आमच्या बाजूक मिळणा नाय, लांबून बोलवूचो लागता. शेवटी विकल्यान.

बापू_रेवदंडा
खाली फरशी आणि वर कोरडा भुसा घातला की काही कुजत नाही. तुमच्या मेव्हण्याने तट्टू घेतलं असेल.

मालवणी_माणूस
तट्टवाचे खूर वेगळे असतत काय?

घाटावरचा
तट्टू आणि घोडा यात फरक आहेच. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत खांद्यापाशी १४८ सेंमीपर्यंत तट्टू धरतात, त्यापुढे घोडा. किनाऱ्यावर दिसतात ती बहुतेक तट्टंच.

खरारा
इथे तट्टू-घोडा वाद चाललाय, पण ताईंच्या वजनाच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे आणि ते कुणी दिलेलं नाही. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांच्या आत असावेत, असा ठोकताळा आहे. तुम्ही ६८, खोगीर ७-८ किलो, म्हणजे घोडा ३८० किलोच्या आसपास तरी हवा. किनाऱ्यावरचं बारकं तट्टू २५०-३०० किलोचं असतं, त्यावर बसू नका. तुमचं वजन जास्त नाही, ते जनावर लहान आहे.
मी तबेल्यात घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराच्या हाताखाली काम केलंय, आता कोवळ्या घोड्यांना वळण लावतो. तुम्ही जे पाहिलंत ते खोगिरावर शिकता येत नाही, जमिनीवर शिकावं लागतं. म्होरकीला लांब दोरी लावा, घोड्याच्या खांद्याच्या बाजूला उभ्या राहा. मागे सरकवायचं असेल तर दोरीवर हलका दाब द्या आणि थांबा. ओढू नका, झटका देऊ नका. त्याने एक पाय जरी मागे घेतला तरी त्याच क्षणी दाब सोडा. त्याला शिकवतं ते सोडणं. उशिरा सोडलंत तर तो चुकीची गोष्ट शिकतो, सोडलंच नाहीत तर तो जोराला जोर लावायला शिकतो, आणि जोरात तो नेहमी जिंकणार.
यात आवाज चढवावा लागत नाही. काय हवंय ते मनात पक्कं लागतं. तुम्ही अर्धवट मनाने उभ्या असाल तर घोडा तुमच्या अंगावर सरकत येतो, पक्क्या असाल तर थांबतो. लोकांशी दबून वागणारी माणसं यात चांगली तयार होतात हे मी पाहिलंय. ती आधी बघतात, मग हलतात.
बाकी थोडक्यात: थेट मागे आणि नाकाच्या अगदी समोर त्याला दिसत नाही, तिथून अचानक जाऊ नका. कान मागे चिकटवले की लांब व्हा. चढताना डावी बाजू. बुटाला छोटी टाच हवी, नाहीतर पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडलात तर फरफटत जाल. हेल्मेट घोडेस्वारीचंच घ्या, बाईकचं जड असतं, मानेवर येतं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेवा.

बापू_रेवदंडा
हेच मी म्हणत होतो. जमिनीवरचं काम स्वतःच्या घोड्यावरच होतं.

माजी_गिरगावकर
मुंबईला महालक्ष्मीला अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे, १९४२ पासून. मांडव्याहून रो-रोने (गाड्या नेणारी मोठी बोट) भाऊचा धक्का, तिथून टॅक्सी. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद असतात, पण रो-रो चालू असते. शिकायचं तर नावाजलेल्या ठिकाणी.

अनुजा_डोंबिवली
तिचं बजेट ४ हजार आहे हो.

माजी_गिरगावकर
मी जागा सुचवली. बजेट वाढवता येतं.

सोनाली_पेण
मला हा धागा वाचून वाईट वाटतंय. सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावरचे घोडे उन्हात सकाळपासून संध्याकाळपर्यंत पळवतात, तोंडाला फेस असतो, पाणी कुणी दाखवत नाही. अशांना पैसे देऊन आत्मविश्वास मिळवायचा?

सागर_किहीम
सगळे तसे नसतात. आमच्याकडचा माणूस दुपारी बारा ते चार घोडा बाहेर काढत नाही.

सोनाली_पेण
मग त्याचंच नाव सुचवा ना. पहिल्या प्रतिसादापासून नुसतं "किनाऱ्यावरच शिका" चाललंय.

मृण्मयी_नागाव
सगळ्यांचे मनापासून आभार. खरारा, तुमचा प्रतिसाद मी प्रिंट काढून ठेवलाय. एक विचारायचं होतं. आमच्या वाडीजवळ एक घोडागाडीवाले काका आहेत. त्यांची एक घोडी आता गाडीला जुंपत नाहीत, वय झालंय. दिवसभर बांधून असते. त्यांच्या बायकोने मला सांगितलं, ये, खरारा कर (ब्रशने अंग घास), फिरव, बसू मात्र नको. तिथे सुरुवात केली तर?

घाटावरचा
वेळ फुकट. गाडीच्या घोडीकडून स्वारी कशी शिकणार? तिला खोगिराची सवयच नसणार.

बापू_रेवदंडा
म्हातारं जनावर कधी शिकवत नाही मुली. थोडे पैसे साठव, माझ्याबरोबर सारंगखेड्याला चल. माझी बायकोही येते.

सागर_किहीम
बसायचंच नसेल तर घोडेस्वारी कसली?

अनुजा_डोंबिवली
मला कल्पना आवडली, पण महिनोन्महिने न बसता राहशील तर मनातली भीती वाढत जाईल. आठवड्यातून एकदा तरी बस, कुठेही.

खरारा
घोडी लंगडत नाही ना आणि खूर कसे आहेत ते आधी बघा. पण ताई, तुमच्या वजनाचा घोडा आणि चांगला शिकवणारा माणूस पनवेलच्या बाजूला मिळेल. मी तरी तिकडे जा म्हणेन.

मृण्मयी_नागाव
ठरवलं. घोडीकडेच जाते आहे, सुरूही केलं. रविवारची वाट बघावी लागत नाही, सकाळी कामावर जायच्या आधी तासभर होतो. काकू पैसे घेत नव्हत्या, मी बळेच महिन्याला २ हजार चारा-कोंड्याचे म्हणून देते. उरलेले २ हजार हेल्मेट आणि बुटांसाठी बाजूला पडतात. बसायचा विचार पुढच्या दिवाळीनंतर, तेव्हा पनवेलचं बघेन.
आकडीने खुरातली घाण काढायला काकूंनी शिकवलं. पाय उचलायला आधी हात खांद्यापासून खाली नेत जायचा, मग टाचेच्या वर हलकेच दाबायचं. सुरुवातीला ती सगळं वजन माझ्यावर टाकून उभी राहायची आणि मी सरकत सरकत भिंतीला लागायचे. परवा सरकले नाही. कोपर तिच्या बरगडीला लावून उभी राहिले, बोलले काहीच नाही. तिने मोठा श्वास सोडला, फुरफुरली आणि पाऊलभर पलीकडे झाली. मी लगेच कोपर काढलं, खरारा यांनी सांगितल्याप्रमाणे. मग पाय स्वतःहून दिला.
मीटिंगमध्ये अजून बोललेले नाही. काउंटरवर मात्र काल एक गृहस्थ टेबलावर हात आपटत होते, त्यांना "बसा, हिशेब दाखवते" म्हटलं आणि पूर्ण दाखवला. केबिनकडे बघितलं नाही.

खरारा
कोपर वेळेवर काढलंत हे सगळ्यात महत्त्वाचं. आता दोरीवर मागे सरकवून बघा, रोज पाच-दहा मिनिटंच. जास्त केलंत तर कंटाळते.

घाटावरचा
दिवाळीनंतर का होईना, पुण्याचा विचार ठेवा.

सोनाली_पेण
त्या घोडीला सावलीत बांधतात का? आणि पाण्याची बादली बाजूला असते का ते तेवढं बघाल?

मृण्मयी_नागाव
सोनाली, सुपारीच्या वाडीत बांधतात, सावली दिवसभर असते. बादली होती पण छोटी. मी मोठं घमेलं नेऊन ठेवलंय.

तेजस_चौल
धागा वर काढतोय. चौलला राहतो, वजन ९२. माझ्यासाठी कुठे घोडा आहे का? बजेट ३ हजार.