घरगुती ब्रेडचा दर किती ठेवावा? (सांगली, ४०० ग्रॅमचा लोफ)

विश्रामबाग_ओव्हन
विश्रामबागेतून घरी केलेला मिल्क ब्रेड विकायचा आहे, पुढे खपली गव्हाचा आणि बेदाण्याचाही. ६० लिटरचा ओटीजी म्हणजे टेबलावरचा विजेचा ओव्हन आहे (२००० वॉट), त्यात ४ टिन बसतात. मळायला स्टँड मिक्सर.

एका घाण्याचं साहित्य: मैदा १ किलो (४५ रु.), लोणी ६० ग्रॅम (३४), दूध पावडर ३० ग्रॅम (१२), इन्स्टंट यीस्ट १० ग्रॅम (६), साखर ५० ग्रॅम आणि मीठ १८ ग्रॅम मिळून ३, पाणी ६४० मिली. एकूण १०० रुपये, म्हणजे लोफमागे २५.

"साहित्याच्या तिप्पट दर" असा ठोकताळा सगळीकडे सांगतात. त्याने ७५ येतात. दुकानात कंपनीचा पुडा साधारण निम्म्यात मिळतो. ७५ फार होतात का? आणि दुकानदार २० टक्के मागतात, ते कुठून काढायचे?

हिशेबवही
तिप्पटचा ठोकताळा आधी सोडून द्या. लोणी दुप्पट घातलंत म्हणून मळायला, टिन धुवायला, पॅकिंगला वेळ दुप्पट लागत नाही. त्यामुळे भारी साहित्याच्या ब्रेडला हा ठोकताळा दर उगाच चढवतो आणि साध्या पावाला तोट्यात घालतो. तुमच्या लोफला तो बरोबरच्या आसपास येतोय, पण योगायोगाने.

४ लोफच्या एका घाण्याचा हिशेब असा मांडा:

साहित्य २५. पिशवी, क्लिप, लेबल ४. वीज: तापवण्यासकट घाण्याला साधारण दीड युनिट, युनिटला १२ रुपये धरले तर लोफमागे साडेचार. घसारा: ओटीजी, मिक्सर, टिन मिळून २२ हजार, महिन्याला १०० लोफ आणि ३ वर्षं आयुष्य धरलं तर लोफमागे ६.

राहिली मजुरी, आणि घरगुती धंद्यात नेमकी हीच गाळली जाते. फुगायला लागणारा वेळ मोजायचा नाही, पण वजन करणं, मळणं, आकार देणं, ओव्हनवर लक्ष, पॅकिंग आणि भांडी मिळून ७० मिनिटं हात गुंततात. तासाला १०० रुपये धरले तरी ११७ होतात, म्हणजे लोफमागे २९.

बेरीज ६८.५० आणि यात नफा शून्य. ७५ ला विकलात तर हातात साडेसहा रुपये.

आता त्याच दिवशी लागोपाठ दोन घाणे काढा. हाताचा वेळ दुप्पट होत नाही, ९५ मिनिटांच्या आसपास राहतो. मजुरी २० वर येते. दुसऱ्या घाण्याला ओव्हन तापलेला असतो, त्यामुळे वीज ४ वर. एकूण ५९. म्हणजे मैदा कुठून स्वस्त आणायचा हा मुख्य प्रश्नच नाही. एका दिवशी किती लोफ निघतात त्यावर तुमचा दर ठरतो.

पोवईनाका
वरच्या हिशेबात उरलेला माल धरलेला नाही. ८ केले आणि ७ गेले, तर आठव्याचा खर्च या सातांवरच बसतो: ५९ गुणिले ८ भागिले ७, म्हणजे ६७.४०. यावर १५ टक्के नफा हवा असेल तर ०.८५ ने भागा, ७९.३० येतात. दर ८० ठेवा. (६७.४० वर १५ टक्के मिळवले तर साडेसत्त्याहत्तर येतात. तो खर्चावरचा नफा झाला, विक्रीवरचा नाही. इथे फार जण फसतात.)

आगाऊ नोंदणी असेल तर उरण्याचा प्रश्न नाही. ५९ भागिले ०.८५, म्हणजे ७० रुपये. आठवड्याचे दोन वार ठरवा, आदल्या संध्याकाळपर्यंत नोंदणी घ्या. नोंदणीला ७०, ऐनवेळी ८०. ही सूट खिशातून जात नाही, वाया जाणाऱ्या मालाचेच पैसे गिऱ्हाइकाला परत मिळतात.

घरपोच फुकट देऊ नका. ८० च्या लोफमध्ये नफा १२ रुपयांचा. एका पुड्यासाठी मिरजेकडे जाऊन-येऊन १० किलोमीटर गाडी फिरवलीत तर पेट्रोललाच वीसेक रुपये जातात.

हिशेबवही
उरलेल्या मालाचा मुद्दा मान्य, तो माझ्याकडून राहिला. विजेबद्दल एक जोड: बिलाची सरासरी काढून युनिटचा दर धरू नका. घरगुती बिलात टप्पे असतात आणि ओव्हनचे युनिट घरच्या वापराच्या वर, शेवटच्या महाग टप्प्यात पडतात. १२ हा आकडा फक्त उदाहरणाला घेतलाय. तुमच्या बिलावर वरच्या टप्प्याला वहन आकार आणि वीज शुल्क धरून काय पडतं ते पाहून बदला.

दुकानदाराचे २० टक्के छापील किमतीवर असतात. तुम्हाला ८० हवेत तर ८० भागिले ०.८, म्हणजे छापील किंमत १०० लागेल. ८० मध्ये २० टक्के मिळवून ९६ छापलेत तर हातात ७६.८० येतात. आणि परतीचा माल कोणाचा हे आधी बोलून घ्या. परत घ्यायचं कबूल केलं असेल तर २० टक्के देऊ नका, १५ वर अडून बसा.

विश्रामबाग_ओव्हन
दोन घाण्यांचं पटलं. अडचण अशी की पहिला भाजून होईपर्यंत दुसरा जास्त फुगतो आणि ओव्हनमध्ये खाली बसतो. एप्रिल-मेमध्ये तर फारच. आणि खपलीचा दर किती धरू?

खरपूस
दोन्ही घाणे एकदम मळू नका, ४० मिनिटांचं अंतर ठेवा. सांगलीच्या उन्हाळ्यात नळाचं पाणीच ३० अंशांच्या वर असतं. पाण्याचा चौथा हिस्सा बर्फ घ्या आणि मळून झालेलं पीठ २६-२७ अंशांवर येतंय का ते थर्मामीटर खुपसून बघा. यीस्ट १० ऐवजी ७ ग्रॅम. टिनमधलं पीठ काठाच्या बोटभर खाली असतानाच आत जायला हवं. बोटाने दाबल्यावर खळगा सावकाश भरत आला तर वेळ बरोबर, खळगा तसाच राहिला तर उशीर झाला. बसलेला ब्रेड विकू नका, घरात टोस्टला वापरा आणि हिशेबात उरलेल्या मालात लिहा.

खपली: नुसत्या खपलीचा लोफ उंच होत नाही, तिचं ग्लुटेन (पिठाला ताण देणारं प्रथिन) कमकुवत असतं. ३५० ग्रॅम खपली, ६५० मैदा घ्या. मिक्सरवर ५-६ मिनिटंच मळा, जास्त मळलं की पीठ तुटून चिकट होतं. खपलीचं पीठ किलोला ११० धरलं तर पिठाचा खर्च ४५ वरून ६८ होतो. लोफमागे जेमतेम ६ रुपये वाढतात. वरच्याच रीतीने ८७ च्या पुढे येतात, ९० ठेवा. नुसत्या खपलीच्या नावावर १५० लावणं मला बरोबर वाटत नाही.

लोफ त्याच वजनाला बुटका दिसतो, म्हणून लहान टिन वापरा, नाहीतर गिऱ्हाइकाला माल कमी दिल्यासारखं वाटतं. आणि लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. म्हणजे मैदा आधी येणार. तो लपवू नका. नाव "खपलीयुक्त ब्रेड" द्या, टक्केवारीही छापा.

बेदाणा: किलो पिठाला १५० ग्रॅम. २० मिनिटं भिजवून पूर्ण निथळा, मळणीच्या शेवटी घाला. पृष्ठभागावर आलेले दाणे करपतात, ते आत दाबून घ्या. तासगाव जवळच असल्याने माल चांगला मिळतो, पण भाव हंगामाप्रमाणे हलतो, म्हणून दर तीन महिन्यांनी तपासा. टिनमध्ये पीठ मात्र बेदाण्यासकट ४५० ग्रॅमच घाला. बेदाणा वरून जास्तीचा धरलात तर तेवढं वजन फुकट जातं.

पोवईनाका
कागदपत्रांचं थोडक्यात. एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी घरगुती धंद्यालाही लागते, १४ अंकी क्रमांक लेबलवर यायला हवा. पुड्यावर निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, तारीख, पत्ता, तक्रारीसाठी संपर्क आणि प्रति ग्रॅम किंमत (८० ला ४०० ग्रॅम म्हणजे ०.२० रुपये). ब्रेडवर जीएसटी शून्य आहे, त्यामुळे पिशव्या किंवा मिक्सरवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही. खर्च करासकट लिहा. वरून अंड्याचा हात फिरवलात तर हिरवा ठिपका चालणार नाही. दुधाचा हात द्या.

विश्रामबाग_ओव्हन
मग नोंदणीला ७०, ऐनवेळी ८०, खपली ९०. दुकानात सध्या नाही. एकच राहिलं: टिनमध्ये ४५० ग्रॅम घालूनही एखादा पुडा ३९० भरतो.

खरपूस
१८०८ ग्रॅम पीठ चार टिनांत ४५० प्रमाणे जातं, भाजताना आणि निवताना साधारण ११ टक्के घटतं, म्हणून ४०० बसतात. ३९० भरला म्हणजे एकतर जास्त वेळ भाजलाय किंवा डोळ्याने वाटे केलेत. आतलं तापमान ९४-९५ अंश झालं की बाहेर काढा, रंगासाठी थांबू नका. ओटीजीत मागच्या बाजूचे टिन आधी भाजतात, २० मिनिटांनी जागा बदला. प्रत्येक वाटा काट्यावर तोला. एवढं करूनही कमी भरला तर टिनमध्ये ४६० घाला. १० ग्रॅम पिठाला ५५ पैसे पडतात, ते पडू द्या.

वजन पूर्ण निवल्यावर करा, जाळीवर दोन-तीन तास. कोमट असताना पिशवीत भरला तर आत पाणी सुटतं आणि पावसाळ्यात दुसऱ्या दिवशीच बुरशी येते. जून ते सप्टेंबर घाणे कमी काढा, दर तोच ठेवा.