लालसरी की लालसर?

भाषांतरवाला: पक्ष्यांच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतोय. नराचं वर्णन असं लिहिलं: 'डोकं-मान तांबूस, छाती काळी, पाठ राखाडी, डोळा लाल, काळ्या चोचीवर फिकट राखाडी पट्टा.' नाव दिलं 'छोटी लालसरी'. मुद्रितशोधकांनी त्याचं 'लालसर बदक' केलं. शेरा, 'विशेषणाला ईकार कशाला?' त्यांना काय सांगू? आणि बुडी मारून खाणाऱ्या या सगळ्या जातींना मिळून काय म्हणावं? 'पाणबुडी बदकं' लिहिलं की नौदल आठवतं.

काठावरचा: काळसर, ओलसर यांतला 'सर' निराळा. इथे 'सर' म्हणजे शिर. हिंदीत लालसिर म्हणतातच.

टिबुकली: मी तो कायम मोत्यांचा सर समजत आले! दुर्बिणीत पहिल्यांदा दिसली ती नुसती तांबडी मान, बाकी सगळं गवताआड.

काठावरचा: ही व्युत्पत्ती नव्हे, कविकल्पना.

टिबुकली: असू दे. पण लाल डोकं नराचं, मादी बिचारी मळकट तपकिरी, डोळासुद्धा गडद. आणि नाव स्त्रीलिंगी! मादी बघून 'लालसरी' कोण म्हणेल?

जुनं खोड: घार नर असली तरी घारच. लिंग शब्दाला असतं, पक्ष्याला नव्हे. बाकी 'डुबकी बदक' करू नका म्हणजे झालं. डुबकी हिंदी, आपली बुडी.

काठावरचा: मग पाणडुबी कुठली? बुड आणि डुब, अक्षरांची अदलाबदल आहे नुसती.

पाणवठा: नावं राहू द्या, उडताना बघा. तलवार बदक पाण्यातून सरळ वर उसळतं. हिचे पाय पार मागे, त्यामुळे बुडायला पटाईत, चालायला अवघडलेली. उडायचं तर पाण्यावर थपथप धावत जाते. मोठ्या लालसरीची चोच लालभडक, तिथे घोळ नको. शेंडी बदकाचा डोळा पिवळा.

भाषांतरवाला: अहो, मुद्रितशोधकांना काय कळवू? पान उद्या जायचंय.

जुनं खोड: 'बुडीमार बदकं' लिहा.

टिबुकली: बुडीमार? चिडीमार वाटतं हो! टिबुकली काय वाईट?

पाणवठा: टिबुकली बदक नाही.

टिबुकली: माहीत आहे. नाव मीच घेतलंय.