मदत हवी आहे: रविवारी सोसायटीतल्या मुलांना तासभर पळतं कसं ठेवावं?

८ ते ११ वयाची बारा मुलं, त्यात पाच मुली. ठिकाण कोल्हापुरातली राजारामपुरी. जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते दमवणारी हालचाल सांगते. शाळेच्या दिवशी मैदान, मधली सुट्टी, सायकल यांत ती बऱ्यापैकी होते, रविवारी नाही.

सकाळी ७ ला बोलावून पाहिलं, पण शनिवारी रात्री मोबाईल उशिरापर्यंत चालतो, त्यामुळे निम्मी मुलं उठतच नाहीत. संध्याकाळी घरोघरी रंकाळा किंवा पाहुणे. क्रिकेटात दोघं पळतात, बाकीचे उभे राहतात आणि मुली दहा मिनिटांत पायरीवर जाऊन बसतात. खो-खोतही पाठलाग करणाऱ्या संघातले आठ जण बसूनच असतात. लंगडी आणि लगोरी चांगली चालली, पण अर्ध्या तासात कंटाळा.

जागा साधारण २० बाय १० मीटर, खाली फरशी, रविवारी कडेला गाड्या. त्यामुळे जड चेंडू नको. प्रशिक्षकाची फी परवडणार नाही, मैदानावर सोडायला दर आठवड्याला मोठं माणूस मिळत नाही. वेळ १० ते ११ ची जमते, सावली असते.

एवढ्या जागेत सगळे एकाच वेळी पळतील, बाद झालेला बाहेर बसणार नाही, असे कोणते तीन-चार खेळ आलटून पालटून घ्यावेत, आणि प्रत्येक किती मिनिटांनी बदलावा?