गोलरक्षक आणि प्रशिक्षकपद

फुटबॉलमध्ये गोलरक्षक खेळाच्या एका टोकाला उभा असतो, त्यामुळे तो पुढे चांगला प्रशिक्षक होत नाही, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. इटलीचे गोलरक्षक दिनो झोफ यांचेच उदाहरण घ्या. १९८२ च्या विश्वचषकात, चाळिशी पूर्ण झालेली असताना, ब्राझीलविरुद्ध ३-२ अशा आघाडीवर अखेरच्या मिनिटांत ऑस्करचा हेडर त्यांनी नेमका गोलरेषेवर दाबून धरला, आणि त्याच स्पर्धेत कर्णधार म्हणून चषक उचलला. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी १९९० मध्ये इटलीतील युव्हेंटस क्लबला यूएफा चषक ही युरोपीय क्लबांची स्पर्धा जिंकून दिली. २००० च्या युरो स्पर्धेत इटली अंतिम सामन्यात फ्रान्सच्या त्रेझेगेच्या सुवर्ण गोलवर (जादा वेळेत पहिला गोल होताच सामना संपवणारा तेव्हाचा नियम) हरली आणि इटलीतील राजकीय नेते बेर्लुस्कोनी यांच्या जाहीर टीकेनंतर झोफ यांनी इटलीचे प्रशिक्षकपद सोडले. (ती टीका अनाठायीच होती.)

आमच्या नागपूरजवळ कामठीला सकाळचा सराव पाहताना बोटांना चिकटपट्टी गुंडाळलेला गोलरक्षक कॉर्नरच्या वेळी बचावपटूंना नावानिशी हाका मारून जागा दाखवताना दिसतो, कारण सगळे मैदान समोर असलेला तो एकटाच असतो. प्रशिक्षक होताना आक्रमणाची बांधणी मात्र त्याला नव्याने शिकावी लागते, एवढे मान्य.