जुन्या येझदीचा उजेड वाढवायचाय, एलईडी टाकू का?

अंबाजोगाईकर
रामराम मंडळी. वडिलांची 1976 ची येझदी 250 मी चालवायलो. इंजिन ठणठणीत, पण हेडलाइट म्हणजे देव्हाऱ्यातली समई. शेत रेणापूरच्या अलीकडं, पाण्याची पाळी रात्रीची, त्यामुळं उशिरा येणं होतंच. त्यात आता कारखाने सुरू झालेत. उसाच्या ट्रॉल्या अन् बैलगाड्या रस्त्यावर, मागं ना रेडियम ना लाल दिवा. एक मिस्त्री म्हणतो एलईडी टाक, दुसरा म्हणतो सगळी गाडी 12 व्होल्ट कर. गाडीचं मूळ रूप बिघडवायचं नाही. काय करावं?

बुलेटवाला लातूर
सरळ 60/55 वॅटचा हॅलोजन बसवा. माझ्या बुलेटला तोच आहे. झक्कास उजेड.

जालन्याचा वायरमन
लातूरवाले भाऊ, तुमची बुलेट 12 व्होल्टची असंल. यांची येझदी 6 ची. 6 व्होल्टवर 60 वॅट म्हणजे 10 अँपिअर झाले, अन् या गाडीचा डायनामोच 45 वॅटचा, म्हणजे फार तर साडेसात अँपिअर. त्यातच इग्निशन अन् मागचा दिवा. बॅटरी बसंल अन् रात्री गाडी ढकलत घरी न्यावी लागंल.

अंबाजोगाईकर, आधी काहीच विकत घेऊ नका. 6 व्होल्टच्या गाडीत उजेड बल्बात कमी नसतो, वाटेत गळतो. त्याच वॅटला 12 व्होल्टच्या गाडीच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून गंजलेला एक जोड सुद्धा भोवतो. बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं की उजेड तीसेक टक्के जातो. इंजिन चालू ठेवून, लाइट लावून मीटर आधी बॅटरीवर धरा, मग बल्बच्या होल्डरवर. आकडे इथं टाका.

पैठण रोड
एलईडी घेणार असाल तर खोकं वाचा. बरेच बल्ब 12 व्होल्टपासून पुढचे असतात, 6 वर पेटतच नाहीत. पेटला तरी जुन्या रिफ्लेक्टरचा फोकस फिलामेंटच्या जागेवर धरलेला असतो. एलईडीचा दाणा जरा इकडंतिकडं असला की समोरच्याच्या डोळ्यात उजेड अन् आपल्याला रस्ता दिसत नाही.

अंबाजोगाईकर
बॅटरीवर 6.4 व्होल्ट, होल्डरवर 5.3.

जालन्याचा वायरमन
सापडलं. निम्म्याच्या आसपास उजेड वाटेतच गेला. किल्लीचा स्विच हेडलाइटच्या टोपातच (दिव्याच्या पत्र्याच्या कवचात) आहे, तो उघडा. आतल्या पितळी पट्ट्या काळ्या पडल्या असतील, बारीक पॉलिश पेपरनं हळू घासा. डीपरचा (अप्पर-डीम बदलायचा) स्विचही तसाच.

अन् खरी गंमत अर्थची, म्हणजे करंट बॅटरीकडं परत जायच्या वाटेची. टोपाचा अर्थ हँडलच्या बेअरिंगच्या छऱ्यांमधून, ग्रीसमधून चेसीला जातो. रंग मारलेल्या गाडीत तर विचारूच नका. होल्डरपासून थेट बॅटरीच्या अर्थपर्यंत 2.5 चौरस मिलिमीटरची वेगळी वायर ओढा, टोपाच्या आतून नेली की दिसणार पण नाही. बल्ब मात्र मूळचा 35/35 वॅटचाच ठेवा. रिफ्लेक्टर काळवंडला असंल तर फडक्यानं पुसू नका, होता तो मुलामाही निघून जाईल. नवा टाका नाहीतर मुलामा करून घ्या.

12 व्होल्ट करायचंच म्हणलं तर कॉइल, हॉर्न, बॅटरी, कटआऊट (डायनामोचं चार्जिंग सांभाळणारा डबा), सगळे बल्ब बदलावे लागतात. अन् त्याच डायनामोवर केलं तर कमी आरपीएमला चार्जिंग होत नाही. ट्रॉलीच्या मागं रेंगाळताना नेमकी तीच वेळ.

बुलेटवाला लातूर
वायरमन दादा, माझ्या गाडीची लाइट पण मंद दिसायली, ती अर्थमुळंच असंल का?

जालन्याचा वायरमन
मीटर धरा, मग बोलू. अन् अंबाजोगाईकर, काम झालं की गाडीवर माणूस बसवून 10 मीटरवर भिंतीवर डीम (खालचा झोत) टाका. प्रकाशाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा 10 सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. टोपाचे दोन्ही बोल्ट त्यानंतरच कसा.