स्पेनला गहू: ब्रिटनची हुशारी की फ्रँकोला टेकू?

आडवाटेचा:
दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनला गहू पोचू दिला. माझ्या मते ती त्या युद्धातली सर्वात स्वस्तात जिंकलेली लढाई. १९३९ मध्ये यादवी संपली तेव्हा स्पेन पार खंक झालेला. रेल्वे मोडकी, पाव रेशनवर, तोही काळपट. समुद्रावर ब्रिटिश आरमार. १९४० च्या उन्हाळ्यापासून 'नॅव्हिसर्ट' हा परवाना नसेल तर जहाज वाटेतच अडकायचं. माल जिथं चढतो तिथल्याच ब्रिटिश वकिलातीतून तो घ्यायचा. २३ ऑक्टोबर १९४० ला फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या आंदाय स्टेशनात, हिटलरच्या डब्यात बसून फ्रँकोने युद्धात उतरायची किंमत म्हणून धान्य, तेल, तोफा, सगळंच मागितलं. हिटलरकडे द्यायला धान्य होतं कुठे? ब्रिटनने मात्र एप्रिल १९४१ मध्ये २५ लाख पौंडांचं कर्ज दिलं. पोटापुरतं येऊ द्यायचं, कोठार भरू द्यायचं नाही. स्पेनच्या दक्षिण टोकाचा ब्रिटिश आरमारी तळ, जिब्राल्टर, वाचला तो यामुळे.

कोठीघर:
सपशेल असहमत. फ्रँकोला फ्रेंच मोरोक्को हवा होता. तो दिला तर फ्रान्समधलं जर्मनधार्जिणं विशी सरकार बिथरेल म्हणून हिटलरने हात आखडला. घोडं तिथं अडलं, गव्हापाशी नाही. आणि तटस्थ कसला? जून १९४० ते ऑक्टोबर १९४३ हा देश स्वतःला तटस्थ म्हणवतही नव्हता, 'युद्धात नसलेला' म्हणायचा. १९४१ मध्ये ब्लू डिव्हिजन ही स्पॅनिश स्वयंसेवकांची फौज जर्मनांच्या बाजूने रशियावर धाडली, ती कोणाच्या जिवावर? गरिबाच्या ताटात तर काही पडलंच नाही. काळाबाजार इतका, की त्याला 'एस्त्रापेर्लो' असं खास नाव होतं.

आडवाटेचा:
डिव्हिजन रशियात गेली, जिब्राल्टरवर नाही, हे विसरताय. डिसेंबर १९४० मध्ये जर्मन हेरखात्याचा प्रमुख कॅनारिस माद्रिदला आला, जर्मन फौजेला जिब्राल्टरकडे वाट द्या म्हणाला. फ्रँकोने नकार देताना अन्नटंचाईच पुढे केली.

कोठीघर:
पुढे केली, बरोबर बोललात! नको असलेल्या पाहुण्याला घरात आजारपण आहे म्हणून सांगतात, तसं.

निशिगंध:
टंचाई खोटी नव्हती हो, माणसं खरंच भुकेने मेली. माझा प्रश्न वेगळा. जानेवारी १९४४ मध्ये जर्मनीला जाणाऱ्या वुल्फ्रॅमवरून (शस्त्रांसाठी लागणारं टंगस्टनचं खनिज) अमेरिकेने स्पेनचं तेल तोडलं, मे महिन्यात फ्रँको नमला. मग हाच हिसका १९४१ मध्ये का नाही दिला?

आडवाटेचा:
कारण १९४१ मध्ये स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या पिरनीज डोंगरांपलीकडे जिंकत आलेली जर्मन फौज उभी होती. १९४४ मध्ये तीच फौज सगळीकडून मागे हटत होती.