शब्द हवा आहे : एकीच्या सात जणी झाल्या, तर त्या कोण?

नऊ वर्षांच्या भाचीबरोबर सध्या 'शिचिनिन नो नाना' ही जुनी ॲनिमे मालिका बघतेय. २००२ सालची, २५ भागांची. आवाज जपानी, खाली इंग्रजी अक्षरं, आणि ती भराभर पळतात. म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत जाते. गोष्ट हलकीफुलकी आहे. नाना सुझुकी ही आपल्याकडच्या नववीच्या वयाची मुलगी, डोक्यावर प्रवेशपरीक्षा. आजोबांचा एक स्फटिक मायक्रोवेव्हमध्ये तापतो आणि एका नानाच्या सात नाना होतात. दिसायला सारख्या, स्वभाव मात्र सात.

या जणींना मराठीत काय म्हणायचं? पहिल्या दिवशी 'डुप्लिकेट' म्हटलं. भाची म्हणाली, "म्हणजे डुप्लिकेट चार्जरसारख्या? लवकर बिघडतात?" दुसऱ्या दिवशी 'कॉपी' म्हटलं, तर ती तोंडावर हात ठेवून हसायलाच लागली. तिच्या जगात कॉपी म्हणजे बाकाखालची चिठ्ठी, आणि इथे तर नायिकेची परीक्षा आहे! सुचवा काहीतरी.

प्रतिसाद

प्रतिकृती? सरळ, शुद्ध शब्द.

प्रतिसाद

प्रतिकृती म्हटलं की मला दिवाळीतला मातीचा रायगड दिसतो. प्रतिकृती रुसत नाही, डब्यातला शेवटचा लाडू कुणी खाल्ला यावरून भांडत नाही. त्यापेक्षा 'तोतया' बरा. निदान जिवंत आहे.

प्रतिसाद

तोतया कसा चालेल? तोतया म्हणजे भलताच माणूस, दुसऱ्याचं नाव लावून आलेला. पानिपतानंतर 'मीच सदाशिवरावभाऊ' म्हणत जो उभा राहिला आणि १७७६ मध्ये ज्याला देहदंड झाला, तो तोतया. तिथे खरा आणि खोटा असा निवाडा करता येतो. ताईंच्या गोष्टीत सातही जणी खऱ्या आहेत. नेमकी तिथेच तर अडचण आहे. 'डमी'सुद्धा त्याच कारणाने बाद. डमी उमेदवार पकडला जातो. हिला कोण पकडणार, आणि पकडून ओळखपत्रावर काय बघणार?

प्रतिसाद

साती आसरा म्हणा. आमच्या विहिरीवर सात दगड आहेत शेंदूर लावलेले. 😄

प्रतिसाद

शब्द आहे, पण धूळ झटकावी लागेल : कायव्यूह. योग्याने एकाच वेळी अनेक देह धारण करणे. सौभरी ऋषींची कथा आठवा. मांधात्याच्या पन्नास मुलींशी लग्न केलं, आणि प्रत्येकीची गोड तक्रार एकच, की हे सदा माझ्याच महालात असतात, माझ्या बहिणींकडे जात नाहीत! पुढच्या भाष्यकारांनी कायव्यूहासाठी हेच उदाहरण घेतलं. योगसूत्रात 'कायव्यूह' हा शब्द येतो तिथे त्याचा अर्थ शरीराची रचना एवढाच आहे. अनेक देहांचा विषय पुढे कैवल्यपादात निघतो, आणि तिथे म्हटलं आहे की वागणं निरनिराळं असलं तरी त्या अनेकांना चालवणारं चित्त एकच. आपल्या नानाची गडबड हीच दिसते. देह सात झाले, आणि चित्तालाही सात फाटे फुटले.

प्रतिसाद

काका, नऊ वर्षांच्या पोरीला कायव्यूह?

मी विज्ञान शिकवते. स्फटिक आहे आणि सात आहेत म्हटल्यावर मला आधी लोलक आठवला. पांढरा प्रकाश आत, तानापिहिनिपाजा बाहेर. याला पुस्तकात 'अपस्करण' म्हणतात. तेव्हा नानाचं अपस्करण झालं! यात एक सोय आहे. लोलकातून बाहेर पडलेल्या रंगांपैकी खरा प्रकाश कुठला, असं कुणी विचारत नाही.

प्रतिसाद

थोडं जपानीकडूनही बघू. तिकडे अशा जणीला 'बुन्शिन' म्हणतात. बुन् म्हणजे वाटणं, शिन् म्हणजे शरीर. म्हणजे नक्कल नाही, वाटणी. एका भाकरीचे सात चतकोर (गणित चुकलं, पण समजून घ्या). जवळचा मराठी शब्द 'अंश'. शीर्षकातही गंमत आहे. सातला जपानीत 'शिचि' आणि 'नाना' असे दोन्ही उच्चार आहेत. शिचिनिन म्हणजे सात जण, आणि मुलीचं नावच नाना. सहा जणींची टोपणनावंही मूळ नावाला शेपट्या जोडून केली आहेत : नानाक्को, नानारिन, नानापोन आणि अशाच. आपण बाळचं बाळू, बाळ्या, बाळोबा करतो तसंच. त्यातली एक आहे 'नानासामा'. 'सामा' हा आदराचा प्रत्यय. म्हणजे शब्दशः नानासाहेब!

प्रतिसाद

आणि मराठीत 'नाना' म्हणजे अनेक. नाना तऱ्हा, नाना परी. ज्ञानेश्वरीत तर 'नाना' हा शब्द 'किंवा' या अर्थानेही येतो. ही किंवा ही किंवा ही. अंश, अपस्करण सगळं सोडा, 'नानाविध' म्हणा.

धागाकर्ती

सगळ्यांचे शब्द घरी चालवून पाहिले. कायव्यूह ऐकून भाची म्हणाली, "काय व्यूह?" अपस्करण तिला उच्चारायला आवडलं, दिवसभर म्हणत होती, पण मांजरीला उद्देशून. 'अंश' बरा वाटला होता, पण "अंश आणि छेद?" असं विचारल्यावर तोही गेला.

मग लक्षात आलं की नामाच्या आधी सर्वनामच अडतंय. सहा जणींकडे बोट दाखवून नाना काय म्हणेल? 'या सगळ्या मीच आहेत' की 'मीच आहोत'? शिवाय 'आम्ही'साठी जपानीत साधारण एकच शब्द, वाताशिताची. मराठीत मला दर वाक्याला ठरवावं लागतं. बाहेरच्यांशी बोलताना नाना म्हणणार 'आम्ही', आणि त्या सहा जणींशी बोलताना 'आपण'. तिथे मी थबकले. 'आपण' म्हणजे तू आणि मी मिळून, 'आपण' म्हणजे आदराने तुम्ही, आणि 'आपलं आपण' म्हणताना तो स्वतःसाठीही येतो. काल रात्री एक नाना दुसरीवर खेकसली तेव्हा मी सांगितलं, "आपण अभ्यास कधी करणार?" भाचीने काहीच विचारलं नाही, पुढे बघत राहिली. म्हणजे कळलं.

तेव्हा सध्या त्यांना नाव नाही. 'ही आपण', 'ती आपण' असं म्हणून अकराव्या भागापर्यंत पोचलोय. मालिकेच्या नावाचं मात्र अजून अडलंय. 'सात नाना' म्हटल्यावर आतल्या खोलीतून आईने विचारलं, "सगळे पेन्शनर का गं?"